पिशवी ४१७

सेलूच्या मोंढ्यात, हमालांच्या शेडखाली शिबिर.
सरकीचा वास, वजनकाट्यावर ठेवलेला टेबलफॅन,
ग्लुकोज बिस्किटांचं एक खोकं उघडं.
मी खुर्चीत, हातात फॉर्म,
आणि तेच प्रश्न, जे कुणी कुणाच्या ओसरीवर विचारत नाही:

वर्षभरात गोंदून घेतलंय का?
कावीळ?
कुणाची वापरलेली सुई?
बायकोशिवाय…
इथं मी आवाज खाली घेते, नजर कागदावर,
कारण मागच्या बाकावर त्याचा चुलता बसलेला असतो.

मुंजाजी घोगरे, वय एकतीस, तोलाईवाला.
सगळ्याला "नाही" म्हणाला, एका दमात,
पोती मोजल्यासारखं.
हिमोग्लोबिन चौदा. शीर अशी की आंधळ्यालाही सापडावी.
साडेतीनशे मिली. फोटो. केळं. प्रमाणपत्र.

रात्री साडेदहाला फोन.
परभणीत लाइट गेलेली,
जनरेटरवर गुरगुरत होता उणे तीसचा फ्रीजर.
"मॅडम, ते माझं रक्त हाय ना,
कुणाला देऊ नका.
कामून ते इचारू नका."
विचारलं नाही.
प्रमाणपत्रावरचा नंबर तेवढा विचारला.

चाचण्या संध्याकाळीच उरकल्या होत्या, सगळ्या स्वच्छ.
सुरुवातीचे काही दिवस तशा येतातच.
यंत्राला दिसत नाही अशी एक फट असते,
तिथं माणसानंच उभं राहून खाकरावं लागतं.

प्लाझ्मा वेगळा काढलेला,
करडईच्या ताज्या तेलाच्या रंगाचा, गोठून दगड.
कारखान्यात असे हजारो एकत्र ओततात,
त्यातून निघते एका बाटलीच्या तळाशी
चिमूटभर पांढरी पूड,
जी मानवतच्या शाहेदला लागते
दर वेळी तो चोरून क्रिकेट खेळला
आणि गुडघा रक्तानं भरून टरबुजागत झाला की.
अकरा वर्षांचा आहे. सुई बघतो, छत बघतो,
हे कुणाचं, असं कधी विचारत नाही.

पिवळी पिशवी. ऑटोक्लेव्ह. रजिस्टरात लाल शेरा: नष्ट.
कारणाच्या रकान्यात पेन अडलं.
"दात्याने कळवले", एवढंच लिहिलं.
तीसेक वर्षांच्या नोकरीत
हे दोन शब्द मी किती कमी वेळा लिहिलेत.

फोन ठेवण्याआधी म्हणाले होते,
"सोमवारी या. मागच्या दारानं. अकरानंतर कुणी नसतं."
तो हं म्हणाला की लाइन तुटली,
नीट कळलं नाही.

आज सोमवार.
मी दोन चहा सांगितलेत.