जुना अंगठा

तार्तूत एमायोगी नदी गोठते
तेव्हा वल्हेकरी आमच्या प्रयोगशाळेत येतात,
शर्ट काढून एकेक उभे राहतात,
आणि मायमू आधीच सांगून टाकते,
"हात थंड आहेत. माफ कर."

मग पेनाने खूण.
खांदा आणि कोपर यांच्या बरोबर मध्यावर,
नखभरही इकडेतिकडे नाही.
चिमूट धरायची खुणेच्या जरा वर,
कातडी आणि तिच्याखालचं मऊ, एवढंच उचलायचं,
स्नायू मागे राहू द्यायचा,
झोपलेल्या मुलाच्या मानेखालून हात काढावा तसा.
चिमट्याचे जबडे टेकवायचे. एक. दोन.
दुसऱ्या सेकंदाला आकडा वाचायचा,
उशीर झाला तर चरबी दबत जाते
आणि माणूस उगाच बारीक होतो.

मी शिकाऊ. वही माझ्याकडे.
दंडाची मागची बाजू, सात पूर्णांक चार.
खवाट्याखाली नऊ.
कमरेच्या हाडावर अकरा, पुन्हा घे, साडेदहा,
पुन्हा घे.

हे सूत्र कुणाच्या अंगावरून काढलं? मी एकदा विचारलं.
"होते कुणीतरी," मायमू म्हणाली,
"दुसऱ्या देशातले, श्वास सोडून पाण्याखाली बसलेले.
त्यांच्या मापाचा सदरा आपण या पोरांना घालतो.
कुणाला काखेत काचतो, कुणाला ढगळ होतो."
तीन-चार टक्के अलीकडे, तीन-चार पलीकडे.
अहवालात मात्र दशांशचिन्हापुढचा आकडा
टाय बांधून बसलेला.

फेब्रुवारीत तिने चिमटा माझ्या हातात दिला.
रैगोची कंबर: तेरा.
परवा तिच्याच हाताने अकरा आली होती.
प्रशिक्षक म्हणाला, "दोन दिवसांत काय गिळलंस?"
रैगो, तीन आठवडे उकडलेली अंडी
आणि काळ्या पावाचा एकच काप खाणारा,
स्वतःच्या कमरेकडे बघत राहिला,
जणू रात्रीतून कुणी तिथे चोरीचा माल लपवला होता.

मायमूने माझी चिमूट पाहिली.
पुन्हा घे. तेरा.
पुन्हा. बारा पूर्णांक आठ.
"हा बरोबर आहे," ती म्हणाली,
"याचं काही वाढलेलं नाही. माझा अंगठा कमी झालाय."

(माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं,
आणि लगेच लाज वाटली.)

संध्याकाळी ती वही घेऊन बसली.
नोव्हेंबरपासूनच्या प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात
पेन्सिलने दोनच शब्द: जुना अंगठा.
एकही आकडा खोडला नाही.

मग हात पुढे केला, उपडा.
"घे, सराव कर."
मी चिमूट धरली, मोजली, सोडली.
कातडी तशीच उभी राहिली,
वाऱ्याने गेलेल्या तंबूच्या कडेसारखी,
खाली बसायचं विसरलेली.

मी पेन उचललं.
"हे नको लिहूस," ती म्हणाली,
आणि दिवा मालवायला उठली.