बैदा

छापील कागद कानडीत आहे.
त्याच्या खाली शैलव्वा सिस्टरनं माझ्यासाठी
निळ्या शाईनं मराठी काढलंय:
दोन उशा घ्या. वाकू नका.
पंधरा दिवस नाक शिंकायचं नाही.
शिंकरायचंमधला र राहिला.
एका अक्षरानं माझी शिंकच बंद केली बाईनं.

तवंदीचा घाट उतरताना
मैनानं माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं होतं,
काठोकाठ भरलेली कळशी धरावी तसं.
मी खुणेनं म्हणाले, सोड, सांडत नाही काही.
सांडलं.
पदरावर दोन गुलाबी थेंब,
आणि कंडक्टर दुसरीकडे बघायला लागला.

चोवीस वर्षं वखारीत तंबाखू चाळली.
नाकावर पदर, पदरावर धूळ,
धुळीवर मुकादमाचा आवाज.
संध्याकाळी शिंकरलं की रुमालात वखार निघायची.
वास कधी गेला, डॉक्टरांना सांगता येईना.
वास काय माणसासारखा
तारीख ठेवून जातो?
एकदा चुलीवर दूध करपलं
आणि पलीकडची अक्काताई धावत आली,
मी तिथंच बसलेली, भांड्यापासून दोन हातांवर.
तेव्हा कळलं.

डॉक्टर कोवळा पोरगा. टॉर्च खाली करून विचारतो,
"वासनी बरतैतेनु?"
कानडीत वासनी म्हणजे वास.
मला ठाऊक आहे, अख्ख्या निपाणीला ठाऊक आहे.
तरी पन्नाशीच्या विधवेला, नाकात बोळे असताना,
सकाळी सकाळी वासना येते का विचारलं
तर हसू येणारच.
हसले, आणि कळ थेट कपाळात.
"इल्ला," म्हणाले.
हा शब्द नाकाशिवाय होतो.

बाकीचे होत नाहीत.
म चा ब होतो, न चा द.
पाणी मागितलं तर पाडी.
मी मूळची दिपाडीची, असं पलीकडच्या खाटेला सांगितलं
तर ती म्हातारी विचारते, ते कुठल्या तालुक्यात?

मैनाला हाक मारली: बैदा.
ती दारातच थांबली. "कोण ही बैदा?"
आणि मग दिवसभर बैदा होऊनच वावरली.
बैदानं मिठाचं पाणी कोमट केलं,
कोपरावर थेंब टाकून बघितला, तान्ह्याच्या दुधाचा बघतात तसा.
बैदानं बाटली दाबली,
एका नाकपुडीतून आत, दुसरीतून बाहेर,
खपल्या, रक्ताचे धागे,
आणि बैदानं तोंड वाकडं केलं नाही.
मी केलं.

बोळे काढले तेव्हा वीतभर पट्टी आली,
मग आणखी वीतभर.
एवढं सामान डोक्यात घेऊन मी फिरत होते.

रात्र मात्र तोंडानं काढायची.
जीभ अथणीच्या चपलेसारखी वाळते.
तीन वाजतात. हायवेवर ट्रक गिअर बदलतो,
मी कूस बदलू शकत नाही.
बसूनच मोजते: आत, बाहेर,
आत,
मध्येच विसरते कितवा ते,
पुन्हा एकपासून.
पगार बंद आहे, याचा हिशेब त्या आकड्यांत मिसळतो
आणि श्वास चुकतो.

अकराव्या दिवशी म परत आला.
चहा मागताना सहज म्हणाले, "मैना."
पोरीचा चेहरा पडला.
"झालं?" म्हणाली, बाहुली काढून घेतल्यासारखी.

वास अजून नाही.
म्हणजे, परवा खुंटीवरची कामाची साडी बाजूला करताना
काहीतरी कडवट, थोडं गुळचट,
नाकाशी आलं आणि गेलं.
तंबाखू असेल. आठवणही असेल.
जिनं नाक खाल्लं तिचाच वास पहिला यावा
आणि मला बरं वाटावं,
हे कुणाला सांगू?

मैना ती साडी धुवायला नेत होती.
"बैदा," म्हणाले, मुद्दामच,
"राहू दे ती आज."