पंधरा गुण

ग्रिम्सबी. बंद पडलेल्या मासळीच्या गोदामाशेजारी
चर्चचा मागचा हॉल. गुरुवार.
एका टेबलावर डबाबंद वाटाणे, पास्ता, लहान मुलांचे डायपर.
दुसऱ्या टेबलावर मी, दोन पेनं आणि चष्मा.
लोकांचे फॉर्म भरून देतो.

तीस वर्षं शिकवलं मी हलच्या विद्यापीठात
कल्याणकारी राज्य म्हणजे काय ते.
फळ्याच्या एका टोकाला पाळणा काढायचो,
दुसऱ्या टोकाला शवपेटी,
मध्ये एक सरळ रेघ.
मुलं उतरवून घ्यायची.
रेघ कुणाच्या हातात आहे, हे एकानंही विचारलं नाही.
मीही नाही.

समोर एनिड थ्रसेल. वय अठ्ठावन्न.
एकोणतीस वर्षं बर्फातल्या हॅडॉकचे काटे काढले,
आता उन्हाळ्यातही बोटं मिटत नाहीत.
मी वाचतो : एक पौंडाचं नाणं
तुम्ही उचलू शकता का?
"सापडलं तर उचलीन की," ती म्हणते.
मला हसू येतं. तिला नाही.

रकान्यात 'कधीकधी'ला जागा नाही.
'सकाळी नाही, दुपारी थोडं' याला नाही.
हाताचे इतके गुण, चालण्याचे इतके.
पंधरा भरले तर आजारी,
चौदा भरले तर धडधाकट.
शाळेत कायम नापास झालेल्या बाईला
इथे पास व्हायचं तर
पुरतं मोडून दाखवावं लागतं.

तिची आई एका खिडकीशी जायची.
खिडकीमागे ऑलपोर्ट नावाचा कारकून,
कुणाचा ट्रॉलर आइसलंडहून परतला नाही
हे त्याला बायकोच्या आधी कळायचं.
पैसे मोजून द्यायचा, डोळ्यांत न बघता.
आणि महिन्यातून एकदा घरी येऊन
पलंगाखाली पुरुषाचे बूट आहेत का
तेही वाकून पाहायचा.
मायबाप होतं ते सरकार.
म्हणजे जेवू घालायचं, आणि कानही पिळायचं.
आता वाकायला कुणी येत नाही.
बूट कुठले, कधी घेतले, कुणाच्या कार्डावर,
सगळं बसल्या जागी दिसतं.
कान पिळायलासुद्धा हात लागत नाही.

एक सांगायचं राहिलं.
नव्वदच्या आसपास एका समितीवर होतो मी.
'अर्जदार' शब्दाला भिकेचा वास येतो,
त्याऐवजी 'ग्राहक' म्हणा,
असं मीच सुचवलं होतं.
टाळ्या पडल्या होत्या. बिस्किटं चांगली होती.
ग्राहकाला दुकानातून बाहेर काढता येतं,
हे तेव्हा ध्यानात आलं नाही.

शेवटचा रकाना : आणखी काही सांगायचं आहे?
मी लिहू लागतो, माझी जुनी भाषा सुटते.
एनिड कागदावर मनगट ठेवते.
"इतकं सुंदर नको. मी अशी बोलत नाही.
लिहा, बरणीचं झाकण लागत नाही,
म्हणून उघडीच ठेवते."
तेवढंच लिहिलं.

सही करायला तिला दोन मिनिटं लागली.
मग ती उठली,
गुरुवारचं काम असतं तिचंही इथे.
बोटं न वापरता, दोन्ही मनगटांच्या मध्ये धरून
एक एक डबा फळीवर लावू लागली.
टोमॅटो. टोमॅटो. राजमा.
बारा डबे.
मी मोजले, सवयीनं,
आणि फॉर्म हळूच पालथा घातला.