सहा सेकंद

सेमिनरी हिल्सच्या उतारावर आमचं ऑफिस.
कूलरच्या वाळ्याला गेल्या उन्हाळ्याचा वास.
स्क्रीनवर मी चौकोन ओढते. चौकोन कसला,
सात कोपऱ्यांचा वेडावाकडा तुकडा,
कळमेश्वराच्या पलीकडून काटोलच्या अलीकडपर्यंत.
दिल्लीहून आलेल्या कागदावर त्याला नाव नाही, नुसता नंबर.
आत रेषा पाडायच्या: उभ्या अकरा, आडव्या सात.
रेषेवर पन्नास-पन्नास मीटरला ठिपका,
ठिपक्याखाली भोक, भोकात सुरुंग,
आणि मातीत दूरवर खुपसलेले जिओफोन,
कान टवकारून.

वर काळा दगड, थरावर थर.
खाली गाळ असेल. गाळात तेल असेल.
असेल-असेल करतच नकाशा भरत जातो.

जुन्या टोपोशीटवरची विहीर
उपग्रहाच्या चित्रात दीडशे मीटर सरकते.
पृथ्वी तीच; गोऱ्या साहेबानं मोजली तेव्हा
तिचा गोल जरा वेगळा धरला होता.
मी विहीर उचलून जागेवर ठेवते.
पाणी हिंदकळत नाही.

फील्डवरून कुमरेचा फोन:
"ताई, चौदा नंबरच्या लाइनीवरचा एकशे बारा
सरळ मसणवट्यात येऊन राहिला."
पूर्वेला घे, साठ मीटर.
"तिकडं संत्र्याची कलमं हायेत."
मग सोडून दे.
ठिपका पुसते. तिथे कोरं राहतं.

बाबा अजनीला होते, डब्यांच्या तपासणीवर.
रात्रीची गाडी थांबली की लांब दांड्याची हातोडी घेऊन
चाकामागून चाक ठोकत जायचे.
टण्ण आलं तर जा. थप्प आलं तर लाल दिवा.
डावा कान त्यातच गेला.
उजव्यानं अजूनही एप्रिलमध्ये
कुंभाराची अख्खी रांग टिचक्यांनी वाजवतात
आणि एकही माठ न घेता पुढच्या दुकानाकडे वळतात.
मी म्हटलं, आम्हीही तेच करतो बाबा, जमिनीला.
"चाक हो म्हणते नाही तं नाही म्हणते.
तुयी जमीन का म्हणते?"
वळवळ, म्हटलं. कागदभर वळवळ.
"मंग काहून ठोकता?"
आणि पेपर उघडला त्यांनी.

शॉटच्या आधी गाव थांबवावं लागतं.
थ्रेशर बंद, मोटरपंप बंद,
चक्कीवाल्याला तासाभराचे दोनशे रुपये.
मास्तरांनी पोरांना पाय न हलवता बसवलं.
कोण्या म्हाताऱ्यानं तर आपणहून
बैलाच्या घंटीत चिंधी कोंबली.
मग वायरलेसवर उलटे आकडे.
मग धप्प.
मग सहा सेकंद.

तेवढ्यात आवाज खाली जाऊन येतो,
जिथं आपल्यापैकी कोणीच गेलेलं नाही तिथून.
आणि वर चारशे माणसं श्वास धरून,
कशासाठी ते नीटसं ठाऊक नसताना.

रेकॉर्ड आलं. सगळ्या रेघा शहाण्या.
एकच, दोनशे एक्केचाळीस, मधेच थरथरली.
"कोणीतरी चाललं," ऑब्झर्व्हर म्हणाले. "ट्रेस मारा."

संध्याकाळी कुमरेला विचारलं, कोण होतं रे?
"ते हाय ना ताई, कवडूची पोरगी.
जिओफोनच्या बाजूलेच बसवली होती मायनं.
उठली अन् दोन पावलं टाकली, पह्यल्यांदाच.
साऱ्यायनं पाह्यलं.
पण आवाज करायचा नव्हता ना,
मून कोणी टाळीबी नाही वाजवली."

ट्रेस मारला. कामच आहे ते.
शुक्रवारी नकाशा प्लॉटरवरून निघाला,
गुंडाळी करून, रबर लावून, दिल्लीला गेला.

बाबांना सांगितलं नाही अजून.
चष्म्यावरून बघत विचारतील:
टण्ण, का थप्प?