पौर्णिमेचं शून्य

म्बिताच्या धक्क्यावर, वजनकाट्याच्या खोलीत
एक लॅपटॉप आहे. त्याची एक कळ उडालीय,
तिथे ओबुयांनी चपलेच्या रबराचा तुकडा चिकटवलाय.
मी अकेयो. ओमेनाचा हिशेब माझ्याकडे.
ओमेना म्हणजे बोटाएवढी मासळी,
अंधाऱ्या रात्री दिव्याला भुलून जाळ्यात येणारी.
सकाळी वाळत घातली की वाटतं
कुणाच्या तरी हातून आरसा पडलाय किनाऱ्यावर.

संस्थेला प्रोग्रॅम हवा होता.
मी एआयला विचारलं. चहा निवायच्या आत
त्यानं दोनशे ओळी लिहून दिल्या,
सुबक, मधेमधे खुलाशांसकट,
पहिल्या बाकावरच्या मुलाच्या वहीसारख्या.
चालवला. चालला.
चेअरमननी माझा हात दोन्ही हातांत घेतला.
त्या रात्री मला झोप नाही.
कारण उद्या कुणी विचारलं असतं,
अकेयो, सतराव्या ओळीत काय चाललंय,
तर मी खिडकीबाहेर बघितलं असतं.
दुसऱ्याच्या ओंजळीनं पाणी पीत होते मी,
आणि तेही एवढ्या मोठ्या सरोवराकाठी राहून.

मार्चअखेर रोझलिडा आली, पावती फडकवत.
"चौदा तारखेला माझ्या बोटीवर चाळीस किलो?
चौदाला मी भावाच्या मातीला होते.
बोट वाळूवर उलटी पडलेली,
तिच्याखाली कुत्री व्यायली होती.
आणि न धरलेल्या माशांवर तुम्ही वर्गणी कापलीत!"

एआयला विचारलं. त्यानं माफी मागितली,
तो फार पटकन माफी मागतो,
आणि नवं उत्तर दिलं. ते वेगळ्या रीतीनं चुकलं.
पुन्हा माफी.
मग मी ते मिटलं आणि वही काढली.
ओळ पहिली. ओळ दुसरी. खाली बोट धरून,
ओठ हलवत, नवशिक्यासारखं.
एका कंसाला एक अख्खी दुपार गेली.
ओबुया म्हणाले, काय जपतेयस? मी म्हटलं, गप्प बसा.

सदुसष्टाव्या ओळीवर सापडलं:
जिथे आकडा नाही, तिथे
आजूबाजूच्या दिवसांची सरासरी भर.
बिचाऱ्याला रिकामी जागा बघवली नाही.
त्याला कुठे ठाऊक,
भर चांदण्यात आमच्या बोटी जातच नाहीत,
वर एवढा चंद्र असताना
ओमेना आमच्या कंदिलांना कशाला भुलेल?
मीच सांगितलं नव्हतं.
हे सांगण्यासारखं काही असतं
हेच मला माहीत नव्हतं.

ती ओळ खोडली. तिच्या जागी अकरा लिहिल्या.
त्यातल्या नऊ पडल्या. वीज दोनदा गेली.
तिसऱ्या संध्याकाळी पडद्यावर उमटलं:
चौदा मार्च, रोझलिडाची बोट, शून्य.
शाळेत मला पुष्कळ शून्यं मिळाली,
सगळी दुसऱ्यांच्या लाल शाईतली.
हे मी स्वतः कमावलं होतं.
रोझलिडाला तिचे पैसे परत मिळाले. ती हसली नाही,
नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या,
आणि जाताना मूठभर वाळकी मासळी
लॅपटॉपवरच ठेवून गेली.

एआयला मी अजूनही विचारते.
तसा तो भला आहे, रात्री दोनलाही जागा.
पण आधी वहीत माझं उत्तर लिहिते, वाकडंतिकडं,
मग त्याचं बघते.
कधी तो बरोबर असतो. कधी दोघंही नसतो,
आणि तेव्हाच खरी मजा येते.

काल रोझलिडाची मुलगी दाराशी उभी होती,
अवुओर, बारा वर्षांची, हाताला खवले चिकटलेले.
"तुला यातलं सगळं येतं?"
सदुसष्ट ओळींपर्यंत, मी म्हटलं.
ती आत आली, स्टूल ओढलं,
रबराच्या कळीवर बोट ठेवून म्हणाली,
"मग अडुसष्टावी कुठली?"