वजन उचलणे, मध्यम

दवाखान्यातल्या पोरीनं साखरेचा आकडा दाखवला
आणि एका संकेतस्थळाचं नाव चिठ्ठीवर लिहून दिलं.
रोज काय खाल्लंत, किती हललात, एवढंच भरायचं, म्हणाली.
एवढंच.

पापाचा डोळा लागला की अकराच्या सुमारास मी बसते.
तावदानं थडथडत असतात.
आमच्या पुंता अरेनासमध्ये वसंत म्हणजे
चौकाचौकांत ताणलेले दोर, माणसांनी धरून चालायला.
पाववाल्यापासून कोपऱ्यापर्यंत चौऱ्याऐंशी ढांगा,
त्यातल्या निम्म्या मागे ढकलल्या गेलेल्या.
यंत्र त्याला 'संथ चालणे' म्हणतं.
वारा त्याच्या हिशेबात नाही.

पावाचे एक्केचाळीस प्रकार आहेत त्याच्याकडे,
आमची मर्राकेता नाही,
चार पाकळ्यांची, मोडताना कुरकुरणारी.
'इतर पाव, पांढरा' असं भरलं.
दोन पाकळ्या माझ्या.
तिसरी चहात बुडवून पापाला:
थोडी पोटात, थोडी हनुवटीवर, बाकीची ताटलीत.
ती मीच खाल्ली. टाकवत नाही.
'उष्टं' शोधून पाहिलं.
तुम्हाला 'ओट्स' म्हणायचं आहे का?

घास हे मापच नाही तिथे.
ग्रॅम आहे, कप आहे, औंस आहे.
हा घास बोटीचा, हा घास दीपस्तंभाचा,
हा द्रागो मामाचा,
जो सोनं शोधायला बेटावर गेला तो गेलाच…
सतरा घास. सतरा गुणिले काय?

व्यायामांची यादी मात्र मारुतीच्या शेपटासारखी.
तलवारबाजी आहे. घोड्यावरचा पोलो आहे.
बर्फाला भोक पाडून मासे धरणं आहे, तेही बसून.
म्हाताऱ्याला टबातून काढणं नाही.
कूस बदलणं नाही,
ओली चादर माणसासकट सरकवणं नाही.
शेवटी 'वजन उचलणे, मध्यम' निवडलं.
किती किलो?
ब्याऐंशी, मी लिहिलं. मार्च होता. खरं तेच लिहिलं.
किती वेळा?
सहा. रात्रीचे धरून आठ.

जूनमध्ये एकाहत्तर.
ऑगस्टला त्रेसष्ट.
परवा नर्सनं काटा आणला, एकोणपन्नास.
मी तेही भरलं. हिशेब म्हणजे हिशेब.
पडद्यावर एक निळी रेघ आहे,
डाव्या कोपऱ्यातून निघते आणि उजवीकडे उतरत जाते,
आणि तिच्याखाली लाल अक्षरं:
मिलेंका, तुमची ताकद कमी होते आहे.
पुढच्या आठवड्यात थोडं वजन वाढवून पाहा.

पाहतेच आहे की.
लोणी घालून पाहते, मेंढीच्या हाडांचं सूप करून पाहते,
चमचा ओठांशी धरून अर्धा अर्धा तास पाहते.
तो शिंपल्यासारखं तोंड मिटून घेतो
आणि डोळ्यांनी माझी माफी मागतो.

चाळीस वर्षं लोकरीच्या गोदामात होता.
गठ्ठा पाठीवर घेताना म्हणायचा,
वजनाकडे बघू नये, पकडीकडे बघावं.
मी सहा वर्षांची, काडी नुसती.
शाळेला निघताना माझ्या कोटाच्या दोन्ही खिशांत
किनाऱ्यावरचे गोटे भरायचा.
पोरगी उडून जायची, म्हणायचा,
आणि वर खिशांची बटणं लावायचा.

काल त्याला उचलला तर हात आपोआप वर गेले,
रिकामी बादली भरलेली समजून उचलावी तसे.
क्षणभर तोल गेला माझा.
त्याला निजवलं. उशी नीट केली.
मग पडद्यासमोर बसले.
किती किलो?

ब्याऐंशी.

हिरवी बरोबरची खूण आली, रंगीत कागदांचे कपटे उडाले.
शाब्बास, मिलेंका! असंच चालू ठेवा.

मी पडदा तसाच राहू दिला,
कपटे खाली बसेपर्यंत.
मग रात्रीचं खाणं भरलं:
मर्राकेता, एक पाकळी.
कालाफातेचा जाम, दोन चमचे.
मग दोन खोडून तीन केले.