हेस्तिया, सहावी ब

बाईंच्या लोकरी टोपीतून आम्ही चिठ्ठ्या उचलल्या.
मागे खोकल्याच्या औषधाची जाहिरात, पुढे एकेक देव.
मला पोसायडन आला. मी आनंदानं बाकावर मूठ आपटली.
फ्लोरिनात समुद्र नाही,
एक नदी आहे, तीही जानेवारीत दगड होते,
पण म्हणून काय झालं? त्रिशूळ तर होता.
स्टेर्गिओसला युद्धाचा देव मिळाला,
त्यानं लगेच शेजारच्याला ढकलून पाहिलं.
एरमीराला आली हेस्तिया.
"ही कोण आणखी?"
"चुलीची देवी," थोमाई बाई म्हणाल्या
आणि फळा पुसायला वळल्या.

दोन आठवडे माझं घर समुद्र झालं होतं.
वडिलांनी थर्माकोल कापला, आईनं निळा पडदा उतरवला.
वाचनालयात एरमीरा माझ्या समोर बसायची,
हातमोजे न काढता पानं उलटायची.
माझ्या देवाला चाळीस पानं, तिच्या देवीला पाऊण.
भांडण नाही, लफडं नाही,
कुणाचं झाड केलं नाही, कुणाला आंधळं केलं नाही.
"हिनं काही केलंच नाही का गं?"
ती म्हणाली, "घरी होती."

(तिची आई गुरुवारी आमचा जिना पुसायची.
त्या दिवशी वडील दाराला आतून साखळी लावायचे.
का, ते मी कधी विचारलं नाही.)

सादरीकरणाच्या दिवशी दाराच्या चौकटीला अडकून
माझ्या त्रिशुळाचं मधलं टोक तुटलं.
तरी टाळ्या पडल्या.
एरमीरानं दह्याचा रिकामा डबा टेबलावर ठेवला.
आत राख.
"निखारा शाळेत आणू देत नाहीत," ती म्हणाली.
सगळे हसले. मीही.

मग ती वहीत न बघता बोलली:
सगळ्यांत आधी जन्मली, म्हणून बापानं आधी हिला गिळलं.
सगळ्यांत शेवटी बाहेर आली.
एवढा वेळ अंधारात एकटी, मग एकेक भावंड येत गेलं,
त्यांना तिनं काय सांगितलं असेल, ते कुठंच लिहिलेलं नाही.
नैवेद्याचा पहिला घास तिचा, शेवटचाही तिचाच.
लोक नवं गाव वसवायला निघाले
की जुन्या गावची आग बरोबर न्यायचे.

"झालं?" बाईंनी विचारलं.
एरमीरानं डब्याचं झाकण लावलं, पुन्हा उघडलं.

"माझी आई डोंगरातून आली. त्र्याण्णव साली.
तीन रात्री. काडी ओढायची नाही, पहारेकऱ्यांना दिसेल.
काड्यापेटी तिनं काखेत धरली होती, कोरडी राहावी म्हणून.
पोचली तेव्हा बोटं मिटत नव्हती, काडी धरता येईना.
एका घरातल्या बाईनं शेगडीचं दार उघडलं,
आईचे पाय त्यासमोर ठेवले.
कुठली, कुणाची, काही विचारलं नाही.
आईला त्या बाईचं नाव माहीत नाही.
तिचीही गोष्ट एवढीच आहे."

वर्गातला रेडिएटर तेवढा खडखडत होता.
कुणीतरी टाळी वाजवायला हात उचलला आणि खाली ठेवला.
बाईंनी मार्क लिहिले. किती, ते आम्हाला दिसलं नाही.

शाळा सुटली तेव्हा पायऱ्यांवर बर्फ काच झाला होता.
शिपाई पानागिओतिस मीठ शोधत होता, मीठ संपलं होतं.
एरमीरानं डबा उघडून राख पायऱ्यांवर पसरली,
मूठ मूठ, कोंबड्यांना दाणे टाकावेत तशी.
तिच्यावर पाय ठेवत आम्ही उतरलो:
पुठ्ठ्याच्या पंखांचा हर्मिस, वेलीतला डायोनायसस,
खांद्यावर दोन टोकांचा त्रिशूळ घेतलेला मी.
कुणी घसरलं नाही.
खाली पोचल्यावर मी मागे पाहिलं,
ती वर उभी राहून डबा उलटा करून
बुडावर थापट्या मारत होती.

त्या गुरुवारी मी साखळी काढून ठेवली.
वडिलांनी परत लावली.